स्विचवरचा पहारा

कोणत्याही नगराचा इतिहास वाचावयास घेतला, तर त्यात राजवाड्यांची, देवळांची आणि बाजारपेठांची वर्णने मुबलक सापडतात. वेशीवर रात्रभर जागणाऱ्या पहारेकऱ्याची हकीकत मात्र दोन ओळींत आटोपते. यंत्रांच्या इतिहासाचीही हीच तऱ्हा आहे. टेलिफोन कोणी शोधला, हे शाळकरी मुलासही सांगता येते. पण ज्या यंत्रातून हे सारे दळणवळण वळते, त्या यंत्राच्या कारभारावर पहारा कोणी ठेवला, तो कोठे चुकला आणि कसा सुधारला, हे सहसा कोणी सांगत नाही. तो इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु या रुक्ष विषयातच एका देशाच्या पंतप्रधानांचे बोलणे चोरीस गेले आहे, एका माणसाचा जीव गेला आहे आणि आपल्या पुण्यातील एका बँकेचे कोट्यवधी रुपये गेले आहेत. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

प्रथम स्विच म्हणजे काय ते पाहू. बँकेच्या शाखेत, तहसील कचेरीत, इस्पितळात किंवा महाविद्यालयात भिंतीवरच्या एखाद्या कपाटात एक चपटी पेटी बसविलेली असते. तिला रांगेने तारा जोडलेल्या असतात आणि प्रत्येक तारेशेजारी एक बारीकसा दिवा लुकलुकत असतो. टपाल कचेरीतला वर्गवारी करणारा कारकून जसा प्रत्येक पाकिटावरचा पत्ता पाहून ते योग्य त्या खणात टाकतो, तसे ही पेटी संगणकांतून आलेल्या संदेशांचे करते. या पेटीला रोजच्या दळणवळणाच्या तारांखेरीज आणखी एक दार असते. ते कारभाराचे दार. कोणता संदेश कोणत्या वाटेने जावा, कोणास अडवावे, कोणास सोडावे, हे नियम तेथून बदलता येतात. ज्याचा त्या दारात शिरकाव झाला, त्याला दुसऱ्याच्या संदेशांची नक्कल आपल्याकडे वळविता येते, एखाद्याची वाट बंद करता येते, आणि आपण आलो होतो याचा मागमूसही पुसता येतो.

म्हणून त्या दारावर घंटा बांधण्याची चाल पडली. कोणी चुकीचा परवलीचा शब्द टाकला, नको त्या ठिकाणाहून कोणी दार ठोठावले, आत येऊन कोणी नियम बदलले, की त्या पेटीने कोठे तरी खबर द्यावी, अशी ही व्यवस्था. दिसावयास ती सोपी दिसते. पण ही खबर कोणाला जावी, कोणत्या वाटेने जावी, आणि ती गप्प करण्याचा अधिकार कोणास असावा, हे तीन प्रश्न विचारले की सोपेपणा संपतो. शंभराहून अधिक वर्षांचा हा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे ठेचा खात शोधल्याचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ अमेरिकेतील एका अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थापासून करावा लागतो. अल्मन स्ट्रोजर हे त्याचे नाव आणि कॅन्सस सिटी हे त्याचे गाव. त्या काळी टेलिफोनच्या कार्यालयात बसलेल्या बाया हाताने तारा जोडून देत. आपल्याकडे येणारी गिऱ्हाइके कार्यालयातली बाई मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा स्ट्रोजरला संशय आला. ती बाई त्या प्रतिस्पर्ध्याचीच पत्नी होती, अशी आख्यायिका सांगतात. तिच्यातला इतिहास किती आणि तिखटमीठ किती, हा प्रश्न बाजूस ठेवू. १० मार्च १८९१ रोजी स्ट्रोजरला माणसाच्या हाताशिवाय जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले, आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना संस्थानातील ला पोर्ट या गावी तसे पहिले केंद्र सुरू झाले, हे मात्र पक्के आहे. आपोआप चालणाऱ्या स्विचचा जन्म असा अविश्वासातून झाला. जोडणारा हात पक्षपाती असेल तर तो हातच काढून टाकावा, हा स्ट्रोजरचा उपाय. पण हात काढल्याने हाताचा अधिकार नाहीसा झाला नाही. तो यंत्रात जाऊन बसला, आणि यंत्रावर हुकूम चालविण्याची कला ज्यास साधेल त्याच्या मालकीचा झाला.

ही कला प्रथम कोणास साधली, ती हकीकत गमतीची आहे. अमेरिकेच्या बेल कंपनीने लांब पल्ल्याच्या टेलिफोनची जी व्यवस्था उभारली होती, तीत एका केंद्राने दुसऱ्या केंद्रास द्यावयाचे हुकूम स्वरांच्या रूपाने दिले जात, आणि ते स्वर माणसांचे बोलणे ज्या तारेवरून जाई त्याच तारेवरून जात. सेकंदाला २६०० कंपनांचा स्वर ऐकू आला म्हणजे तार मोकळी आहे, असे दूरचे यंत्र समजे. या व्यवस्थेची माहिती १९५४ व १९६० साली कंपनीच्याच तांत्रिक नियतकालिकात उघडपणे छापली गेली. यंत्राची भाषा कोणी बाहेरचा मनुष्य बोलू लागेल, ही कल्पनाच कोणास शिवली नव्हती. पण जो एन्ग्रेसिया नावाच्या एका जन्मांध मुलास लहानपणीच असा शोध लागला, की आपण तोंडाने विशिष्ट शीळ घातली की बोलणे तुटते. पुढे न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यात मुलांसाठी घातलेली एक खेळण्यातली शिट्टीही नेमका तोच स्वर काढते, हे हौशी लोकांस उमगले. शिट्टी वाजवावी, मग आणखी काही स्वर काढावेत, आणि जगात वाटेल तेथे फुकट बोलावे, असा प्रकार सुरू झाला. १९७१ च्या ऑक्टोबरात ‘एस्क्वायर’ मासिकात या मंडळींवर लेख आला, तेव्हा ही गोष्ट सर्वतोमुखी झाली.

यातला दोष कोठे होता? कारभाराचे दार आणि गिऱ्हाइकाचे दार एकच होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गल्ल्याशेजारूनच वाट असेल, तर गल्ल्यावर कोणाचा हात पडला हे ओळखावे कसे? १९७६ पासून कंपनीने हुकूमांसाठी निराळी तार योजिण्यास आरंभ केला आणि कालांतराने शिट्टीचा प्रभाव संपला. हुकूमाची वाट बोलण्याच्या वाटेपासून अलग असावी, हा पहिला धडा असा मिळाला.

पण याच काळात कंपनीने पहाऱ्याचा दुसराही एक प्रयोग केला, आणि तो तितकासा भूषणावह नव्हता. १९६४ ते १९७० या अवधीत ‘ग्रीन स्टार’ या नावाने काही शहरांत गुप्त यंत्रे बसवून, फुकट बोलणारे कोण हे शोधण्यासाठी तीन कोटींहून अधिक कॉल तपासले गेले आणि त्यांतील लक्षावधींचे ध्वनिमुद्रण झाले. ज्यांचा काही अपराध नव्हता अशांचे बोलणेही त्यात सापडले. १९७५ साली हे उघडकीस आले, तेव्हा स्वाभाविकच गहजब उडाला. चोर पकडण्यासाठी सगळ्या गावाच्या भिंतींना कान लावणे आणि दरवाजावर घंटा बांधणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घंटेने दार ठोठावणाऱ्याची खबर द्यावी, घरातल्यांचे बोलणे ऐकू नये. पहाऱ्याचे गुणगान करताना ही मर्यादा विसरता कामा नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता संगणकांच्या युगात येऊ. १९८६ च्या ऑगस्ट महिन्यात कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञास हिशेबाचे एक काम देण्यात आले. संगणकाच्या वापराचे पैसे मोजण्याच्या दोन पद्धती तेथे होत्या, आणि त्या दोहोंच्या बेरजेत ७५ सेंटांचा फरक पडत होता. रुपयापैशांच्या व्यवहारात असा फरक कोणी ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिला असता. स्टोल याने तो सोडला नाही. फरकाच्या मागे एक परका मनुष्य निघाला. एका साध्या प्रणालीतील उणीव वापरून तो संगणकाचा मुखत्यार होऊन बसला होता आणि तेथून अमेरिकेच्या लष्करी संगणकांची दारे ठोठावीत होता.

स्टोलने त्याच्यावर नजर ठेवण्याची जी युक्ती योजिली, ती आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. संगणकाच्या आतच पहाऱ्याची आज्ञावली ठेवली असती, तर मुखत्यार झालेल्या चोरास ती दिसली असती आणि त्याने ती मोडली असती. म्हणून स्टोलने एका शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या टेबलांवरची पन्नासेक छपाईयंत्रे आणि टर्मिनले गोळा केली आणि बाहेरून आत येणाऱ्या तारांना ती परस्पर जोडली. जो कोणी येईल त्याने टंकिलेले प्रत्येक अक्षर कागदावर उमटावे, आणि आलेल्यास त्याचा पत्ताही लागू नये. पुढे त्याने चोर येताच आपल्या कमरेच्या पेजरवर खूण वाजेल अशीही व्यवस्था केली. महिनोन्महिने चाललेल्या या पाठलागाचा माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत गेला. मार्कुस हेस हा तरुण आणि त्याचे साथीदार चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेरखात्यास विकीत होते, असे निष्पन्न झाले आणि १९९० साली त्यांस शिक्षा झाल्या. पहारा राखल्या जाणाऱ्या वस्तूच्या बाहेर उभा असावा, हा दुसरा धडा. कागदावर उमटलेली शाई चोरास हॅनोव्हरात बसून पुसता येत नव्हती, यातच स्टोलच्या यशाचे मर्म होते.

याच सुमारास आज ज्याला आपण नेटवर्क स्विच म्हणतो ती पेटी जन्मास येत होती. १९९० च्या सुमारास ‘कल्पना’ हे आपल्या ओळखीचे नाव धारण करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने सात तारांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. तिच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते. १९९४ साली सिस्को कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली आणि पुढे ही पेटी कचेऱ्याकचेऱ्यांत पोहोचली.

अशा पेट्यांचा कारभार दुरून पाहता यावा म्हणून १९८८ साली एक नियमावली प्रसिद्ध झाली आणि १९९० च्या मे महिन्यात ती पक्क्या स्वरूपात आली. तिचे नाव एसएनएमपी. या नियमावलीत पेटीने आपण होऊन धाडावयाच्या खबरीला ‘ट्रॅप’ म्हटले आहे. अशा ज्या मोजक्या खबरी आरंभीच ठरविण्यात आल्या, त्यांतली एक ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’, म्हणजे ओळख पटविता न आलेल्या कोणी तरी दार ठोठावले, ही होती. पहाऱ्याची घंटा म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे. पण तीत तीन वैगुण्ये राहून गेली. परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई, आणि असंख्य पेट्यांवर तो कारखान्यातून आला तसा ‘पब्लिक’ असाच राहून जाई. खबर ज्या रीतीने पाठविली जाई तीत पोच नसे, त्यामुळे ती वाटेत हरवली तरी पाठविणारास कळत नसे. आणि तिसरे वैगुण्य सर्वांत बोलके आहे. ही खबर देण्याची शक्ती पेटीत असावी, पण ती बंद करण्याची सोयही असावी, असे नियमावलीतच लिहिले होते. १९९१ च्या पुरवणीत तर ती चालू-बंद करण्याची कळ, जिच्यावर दुरून हुकूम चालतो अशा वस्तूंच्या यादीतच घातली गेली.

नियम करणारांचा यात काही वाईट हेतू नव्हता. चुकीच्या मांडणीमुळे तीच ती घंटा दिवसभर घणघणत राहिली, तर जाळेच गुदमरून जाईल, ही त्यांची भीती रास्त होती. पण त्यामुळे घंटेची दोरी घराच्या आत, किल्लीशेजारीच टांगली गेली. जो आत शिरला त्याने प्रथम दोरी कापावी, एवढेच राहिले. २००२ च्या डिसेंबरात या नियमावलीची तिसरी आवृत्ती मान्य झाली आणि ओळख पटविणे व मजकूर झाकणे यांची तरतूद आली. दोरी कोठे टांगावी, हा प्रश्न मात्र कोणत्याही नियमावलीने सुटण्यासारखा नव्हता. तो माणसांच्या कारभाराचा प्रश्न होता. त्याचे भयंकर प्रात्यक्षिक दोनच वर्षांनी अथेन्समध्ये झाले.

२००४ च्या ऑगस्टमध्ये अथेन्स येथे ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. त्याच सुमारास ग्रीसमधील व्होडाफोन कंपनीच्या एरिक्सन बनावटीच्या टेलिफोन-स्विचांत कोणी तरी चोरून एक आज्ञावली घातली. या स्विचांमध्ये पोलिसांच्या कायदेशीर मागणीवरून एखाद्याचे बोलणे ऐकण्याची सोय २००३ च्या सुधारणेबरोबर आलेली होती. या सोयीचे दोन भाग असतात. एक भाग प्रत्यक्ष ऐकण्याची जोडणी करतो. दुसरा भाग हुकूम कोणी, कधी, कोणाच्या अधिकाराने दिला याची वही ठेवतो. दोन्हींचा मेळ घातला की बिनहुकमी जोडणी लगेच उघडी पडते. कंपनीने दुसरा भाग विकत घेतलेलाच नव्हता. जोडणीचे सामान घरात होते, वही नव्हती. आक्रमकांनी याचाच फायदा घेतला. पंतप्रधान कोस्टास कारामान्लिस, त्यांची पत्नी, संरक्षण व परराष्ट्र खात्यांचे मंत्री, अथेन्सच्या महापौर अशा सुमारे शंभर व्यक्तींचे बोलणे चौदा निनावी मोबाइलांकडे वळविले जाऊ लागले.

आता त्या आज्ञावलीने पहाऱ्याचे काय केले ते पाहा. स्विचवर जे जे हुकूम चालतात त्यांची नोंद होत असते, आणि ती नोंद कोणी बंद केली तर तसा इशारा वाजण्याचीही सोय असते. घुसखोरांनी हुकूम वाचणारा भागच बदलला. एखाद्या निरुपद्रवी हुकूमापुढे सहा मोकळ्या जागा टंकिल्या की नोंद थांबे, नोंद थांबल्याचा इशाराही थांबे, आणि मग ऐकण्याच्या जोडणीचे हुकूम बिनबोभाट देता येत. सहा मोकळ्या जागा! कागदावर ज्या दिसतही नाहीत अशा सहा पोकळ्यांनी एका राष्ट्राच्या मंत्रिमंडळाचे दार उघडे झाले. घंटा होती, घंटा कापली तर वाजणारी दुसरी घंटाही होती. पण दोन्ही घंटांच्या दोऱ्या एकाच खोलीत, एकाच खुंटीवर होत्या.

हे उघडकीस आले तेही पहाऱ्यामुळे नव्हे, अपघाताने. २४ जानेवारी २००५ रोजी घुसखोरांनी आपल्या आज्ञावलीत काही फेरफार केला आणि त्याच्या धक्क्याने कित्येक ग्राहकांचे लघुसंदेश पोहोचेनासे झाले. तक्रार एरिक्सनकडे गेली, तपास झाला, आणि ४ मार्च रोजी आपल्या स्विचात परकी आज्ञावली आहे असे व्होडाफोनला कळविण्यात आले. ८ मार्च रोजी कंपनीच्या प्रमुखाने ती तत्काळ काढून टाकण्याचा हुकूम दिला. चोर सावध झाले आणि ते चौदा मोबाइल मुके झाले. ९ मार्च रोजी सकाळी, जाळ्याच्या आखणीचे काम पाहणारा कंपनीचा ३८ वर्षांचा अभियंता आपल्या घरी गळफास लागलेल्या स्थितीत मृत आढळला. ती आत्महत्या, असे सरकारी तपासाने म्हटले. कुटुंबीयांनी ते कधीच मानले नाही. मृत्यूचा तपास अपुरा होता, असा निर्वाळा २०१७ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिला.

पुढची हकीकतही तितकीच उद्बोधक आहे. स्विचाच्या कारभाराच्या नोंदी जागेच्या टंचाईमुळे पाचच दिवस ठेवल्या जात. त्या स्विचांकडे जाण्याचा मार्ग असलेल्या तीन यंत्रांपैकी दोन २००५ च्या जुलैत सुधारण्यात आली आणि तेव्हा प्रवेशाच्या नोंदी पुसल्या गेल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्यांची वही मुदत संपली म्हणून नष्ट करण्यात आली. २ फेब्रुवारी २००६ रोजी ग्रीक सरकारने हा प्रकार जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीस ७ कोटी ६० लाख युरोंचा दंड झाला. दंड भरून येतो. पण ‘कोणी केले’ या प्रश्नाचे उत्तर ज्या नोंदींत होते त्या भरून येत नाहीत. इशारा म्हणजे आजच्या रात्रीची हाक असते आणि नोंद म्हणजे उद्याच्या न्यायालयातली साक्ष असते. अथेन्समध्ये हाकही दाबली गेली आणि साक्षही गेली.

अथेन्सनंतर तरी जग शहाणे झाले काय? २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकन गुप्तहेरखात्याची काही कागदपत्रे फुटली, तेव्हा सिस्कोच्या तीनशेहून अधिक जातींच्या स्विचांत टेलनेट या जुन्या, उघड्या दारातून मुखत्यार होण्याजोगी उणीव असल्याचे जाहीर झाले. पुढल्याच वर्षी, ६ एप्रिल २०१८ रोजी, रशिया व इराण येथील स्विचांवर हल्ला झाला. नव्या पेटीची मांडणी सोयीने व्हावी म्हणून ठेवलेली, परवलीचा शब्दच न विचारणारी एक वाट तेथे उघडी राहिली होती. पेट्यांमधली मांडणी पुसून त्या जागी अमेरिकेचा झेंडा आणि ‘आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका’ अशा अर्थाचा मजकूर ठेवण्यात आला. जगभर दोन लाखांच्या आसपास व एकट्या इराणात साडेतीन हजार पेट्यांना बाधा झाली, असे इराणच्या दळणवळण मंत्रालयाने सांगितले. येथे चोर आपण होऊन पाटी लावून गेला म्हणून कळले. पाटी न लावणारे किती येऊन गेले असतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

त्याच २०१८ सालच्या ऑगस्टात ही झळ आपल्या अंगणापर्यंत आली. येथे ‘स्विच’ हा शब्द किंचित निराळ्या अर्थाने घ्यावयाचा आहे. एटीएमवर कार्ड घातले की पैसे द्यावेत की न द्यावेत हे विचारणारा संदेश ज्या यंत्रातून बँकेच्या मुख्य खतावणीकडे जातो, त्यासही स्विच म्हणतात. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यात घुसखोरांनी या स्विचाच्या जागी एक बनावट स्विच उभा केला. विचारणा मुख्य खतावणीपर्यंत जाईच ना. बनावट स्विच मध्येच ‘द्या’ असे उत्तर देई. ११ ऑगस्टच्या दिवशी काही तासांत अठ्ठावीस देशांतून पैसे काढले गेले आणि १३ तारखेस आणखी रक्कम हाँगकाँगमधील खात्यात वळविण्यात आली. एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. टेलिफोनचा स्विच असो, कचेरीतला असो वा बँकेतला, व्यवहार ज्या वळणावरून जातो ते वळण दुसऱ्याच्या ताब्यात गेले आणि खतावणीस त्याची खबर नाही, हे या अनर्थांचे समान सूत्र आहे.

आमच्या इतिहासात या दुखण्याची जाण नव्हती असे कोणी समजू नये. शिवछत्रपतींच्या गडांची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत सांगितली आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी सारख्या दर्जाचे असत आणि कारभार तिघांच्या विचाराने चाले. दाराच्या किल्ल्या आणि हिशेबाची लेखणी एका मुठीत नसे. एक जण फितूर झाला तरी उरलेल्या दोघांस कळल्यावाचून गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यातला हेतू स्पष्ट आहे. माणसांवर अविश्वास दाखविण्यासाठी ही रचना नव्हती. प्रामाणिक माणसाला संशयापासूनही तीच वाचविते.

हाच विचार आजच्या स्विचाला लावला, म्हणजे इशाऱ्यांची मांडणी कशी करावी याचे उत्तर इतिहासच देतो. शिट्टीच्या प्रकरणाने सांगितले की कारभाराची वाट अलग ठेवा. म्हणून पेटीच्या कारभारासाठी निराळे आभासी जाळे किंवा निराळी तार ठेवावी, ठरावीक दोन-चार संगणकांखेरीज कोणासही त्या दाराशी येऊ देऊ नये, टेलनेटसारखी उघडी दारे बंद करून झाकलेल्या एसएसएचच्या वाटेनेच प्रवेश द्यावा, आणि यादीबाहेरचा कोणी दाराशी आला तर त्याला नुसते परतवू नये, त्याची नोंदही करावी. सर्वांनी मिळून एकच परवलीचा शब्द वापरण्याची चाल मोडावी. प्रत्येक कारभाऱ्याचे नाव वेगळे असल्यावाचून ‘कोण आले’ या प्रश्नास अर्थच उरत नाही.

स्टोलच्या छपाईयंत्रांनी सांगितले की नोंद बाहेर ठेवा. म्हणून फसलेला प्रवेश, साधलेला प्रवेश आणि मांडणीतला प्रत्येक बदल यांची खबर पेटीने तत्क्षणी दुसऱ्या यंत्राकडे धाडावी, आणि ते यंत्र स्विच सांभाळणाऱ्याच्या हाती नसावे. साधलेल्या प्रवेशाची खबर पुष्कळ ठिकाणी अनावश्यक म्हणून गाळतात. पण चोरास खरा परवलीचा शब्द सापडला असेल, तर वाजण्याजोगी तीच एक घंटा उरते. रात्री दोन वाजता आपल्या नावाने कोणी आत गेल्याचे कारभाऱ्यास कळले, तर तो अंथरुणातून उठून बसेल. खबर शक्य तेथे पोच मागणाऱ्या रीतीने, आणि एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीच्या झाकलेल्या वाटेने जावी. सर्व पेट्यांची घड्याळे एका प्रमाणवेळेशी जुळविलेली असावीत, नाही तर साक्षीदारांच्या जबान्याच एकमेकींस छेद देतील.

अथेन्सने सांगितले की दोन वह्यांचा मेळ घाला, आणि शांततेवरही विश्वास ठेवू नका. जी पेटी रोज शंभर नोंदी धाडते ती तासभर गप्प राहिली, तर ते मौन हाच इशारा समजून दुसऱ्या यंत्राने हाक द्यावी. हा इशारा स्विचातून निघत नसल्यामुळे स्विचात शिरलेल्यास तो दाबता येत नाही. सहा मोकळ्या जागांवरचा उतारा हाच आहे. स्विचावर आज चालू असलेली मांडणी आणि मंजूर होऊन बाहेर ठेवलेली मांडणी यांचाही रोज ताळा पाहावा. नोंदी पाच दिवसांत पुसू नयेत, आणि यंत्र बदलण्यापूर्वी त्या काढून ठेवाव्यात.

एवढे सारे झाले तरी घंटा ऐकणारा कान लागतोच. दिवसाकाठी हजार वेळा वाजणारी घंटा चार दिवसांत कोणासही ऐकू येईनाशी होते. तेव्हा मुद्दाम कारभाऱ्यानेच एकदा चुकीचा परवलीचा शब्द टाकला तर किती खबरी कोठे पोहोचतात, हे अधूनमधून पाहावे, आणि ज्या खबरीवर काहीच करावयाचे नसते ती नोंदवहीत ठेवून घंटेवरून उतरवावी. घंटा थोड्या, पण प्रत्येक घंटेस उत्तर देणारा माणूस नावानिशी ठरलेला, ही व्यवस्था उत्तम. बर्कलीत ७५ सेंटांचा फरक दिसला तेव्हा तो पाहणारा डोळा होता म्हणून पुढचे सारे घडले. तोच फरक दुसऱ्या कोणाच्या हाती पडता, तर हॅनोव्हरचा तरुण आणखी किती वर्षे वावरता, कोण जाणे.

स्ट्रोजरला जोडणाऱ्या हाताचा संशय आला आणि त्याने हात काढून टाकला. आज जोडणारे हात दिसत नाहीत, म्हणून आपल्याला संशय येत नाही, इतकाच फरक झाला आहे. आपले पगार, आपली औषधे, आपली मते आणि आपली खासगी बोलणी आज कोणत्या ना कोणत्या कपाटातल्या चपट्या पेटीतून जात आहेत. त्या पेटीची मांडणी करणे हे तज्ज्ञांचे काम आहे, आणि ते त्यांनीच करावे. परंतु जिच्यावर आपला पैसा वा आपली अब्रू सोपविली आहे अशा संस्थेला एक प्रश्न विचारण्यास तज्ज्ञ असावे लागत नाही. तुमच्या कारभाराच्या दारावरची घंटा वाजते कोठे, आणि तिची दोरी कोणाच्या हाती आहे? हा प्रश्न सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत कोणाही सभासदास विचारता येईल, आणि उत्तर देताना अध्यक्षांना शेजाऱ्याकडे पाहावे लागले, तर पहारा कोठे सुटला आहे हे सभेला तेथल्या तेथेच कळेल.